बसरेवाल्या गुणाजीचा कोश

कुणकेश्वरात गुणाजी म्हणून हाक मारली तर दोन-चार माणसं मान वळवायची, पण ‘बसरेवालो गुणाजी’ म्हटलं की एकच. उंच, काटकुळा, कमरेला पंचा, डोक्याला मळकं मुंडासं, आणि चालताना ओठ सतत हलते. नवख्या माणसाला वाटे, काय भाविक गृहस्थ आहे, रस्त्यानेसुद्धा जप करतो. जप कसला आलाय! गुणाजी तारी अरबी शब्द घोळवत असायचा. अरबी शब्द आला की हिब्रूत त्याचा भाऊ कोण ते शोधायचा, तो सापडला की सुर्यानीतली बहीण. सुर्यानी म्हणजे इराक-सीरियाकडच्या जुन्या ख्रिस्ती लोकांची प्रार्थनेची भाषा. किनाऱ्यावर रापणीचं भलंमोठं जाळं ओढताना सगळं गाव दोराला लागलेलं असे, लोक घामाघूम होऊन एकमेकांना शिव्या देत असत, आणि याच्या तोंडात मात्र हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी मेंढपाळाचा शब्द. गावाने त्याला वेडा ठरवून पाहिलं, पण ते काही जमलं नाही. वेड्याला जाळं विणता येत नाही, आणि गुणाजीच्या हातचं जाळं लोक मालवणपासून मागून नेत.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं लहानपणीच. कुणकेश्वराच्या देवळाजवळ एका अरब व्यापाऱ्याचं थडगं आहे. त्याचं गलबत वादळात सापडलं, त्याला किनाऱ्यावर दिवा दिसला, त्याने नवस केला आणि वाचल्यावर देऊळ बांधलं, अशी गोष्ट गावात सांगतात. सगळ्या पोरांनी ती ऐकली आणि कैऱ्या पाडायला निघून गेली. गुणाजीने मात्र बापाला विचारलं, त्या अरबाने नवस कुठल्या भाषेत केला? आणि आपल्या देवाला तो समजला कसा? बापाने उत्तरादाखल एक थोबाडीत दिली. पुष्कळशा बापांची रीत हीच असते.

मिसरूड फुटली तसा गुणाजी फत्तेमारीवर खलाशी म्हणून चढला. फत्तेमारी म्हणजे शिडाचं मोठं मालवाहू गलबत. इथून नारळ, काथ्या, कौलं घेऊन बसऱ्याला जायचं आणि खजूर भरून परत यायचं. पण परतीचा वारा आपल्या बापाचा नोकर नाही. तो फिरेपर्यंत तिथेच नांगर टाकून बसावं लागे. ते महिने बाकीचे खलाशी पत्ते कुटण्यात घालवीत. गुणाजी खजुराच्या वखारीत जाऊन बसे. तिथला मुनीम अरब, दलाल यहुदी, आणि मागच्या गल्लीत एक म्हातारा सुर्यानी पाद्री. मुनिमाने त्याला अलिफ-बे गिरवायला दिलं, दलालाने हिब्रू अक्षरं दाखवली. पाद्र्याने आधी हाकलून दिलं. मग गुणाजी रोज सकाळी ताजी मासळी घेऊन त्याच्या दारात उभा राहू लागला, तेव्हा तोही पाघळला. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला हा पोरगा वर्षामागून वर्ष तीन वेगवेगळ्या देवांच्या भाषा शिकत राहिला, आणि एके दिवशी त्याच्या ध्यानात आलं की तिघांचं पाणी एक, तिघांचं घर एक. अरबाचं ‘बैत’, यहुद्याचं ‘बयित’, पाद्र्याचं ‘बैता’. एकाच आईची लेकरं वेगळ्या चुली मांडून भांडत बसावीत, तसा हा प्रकार.

दुसऱ्या महायुद्धात फत्तेमाऱ्यांची ये-जा थंडावली आणि गुणाजी कायमचा घरी परतला. त्याची पेटी उघडली तेव्हा त्याची बायको चंद्रावती शेजारीच उकिडवी बसली होती. खजूर असेल, एखादं बसराई कापड असेल, निदान अत्तराची कुपी तरी. निघाली पाच जाडजूड पुस्तकं.

“ह्यां खातत काय नेसतत?” तिने विचारलं.

“दोनय करूक येता,” गुणाजी म्हणाला. चंद्रावतीने कपाळावर हात मारला, पण पुस्तकं पुसून कोनाड्यात ठेवली तिनेच.

मग त्याने तो उद्योग आरंभला. या भाषांचे कोश इंग्रजीत होते, जर्मन भाषेत होते. तिन्ही भाषा शेजारी मांडून मराठी माणसाला समजावून सांगणारा कोश त्याला कुठे दिसला नाही. तो आपण करायचा. देवगडला आंब्याच्या हंगामात तो पेट्या भरायला जाई, तिथली जास्तीची लेबलं मागून आणी. एका बाजूला पिवळाधम्मक हापूस छापलेला, दुसऱ्या बाजूला गुणाजीचं बारीक अक्षर. एका लेबलावर एक शब्द. भरलेली लेबलं आंब्याच्याच जुन्या पेट्यांत रचून ठेवायची. आणि प्रत्येक शब्दाला मराठी प्रतिशब्द लिहिण्याआधी तो चंद्रावतीला विचारायचा, कारण त्याला पुस्तकातला नव्हे, तोंडातला शब्द हवा असे. ती चुलीपाशी असली तर चुलीचे शब्द, जाळं सांधत असली तर जाळ्याचे.

“माशाक तिघेय येगळां म्हणतत,” तो एकदा म्हणाला. “अरब समक, यहुदी दाग, पाद्री नूना. घर एक, पाणी एक, मीठ एक. माशार इल्यावर तिघांचा जमणा नाय.”

“आमचा तरी खंय जमता?” चंद्रावती म्हणाली. ती कुणकेश्वराच्या बाजारात मासळी विकायची. तिला या विषयात कोणी शिकवायची गरज नव्हती.

देवगडला गुरुदास मास्तर म्हणून एक शिक्षक होते. संस्कृतचे चांगले जाणकार. त्यांनी एकदा ही लेबलं पाहिली. नंतर त्यांनी मुंबईच्या एका पंडितांशी पत्रव्यवहार केला आणि ठरलं, की कोश पावसाळ्याआधी बोटीने मुंबईला पाठवायचा. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. गुणाजी पन्नाशीकडे झुकला होता, आणि लग्नात नसेल इतका खुशीत होता.

शिमगा आला. त्या दिवशी गुणाजी देवगडला मास्तरांकडे गेला होता. चंद्रावतीने विचार केला, पेट्या आता एवढ्या लांब मुंबईला जाणार, आत कसर-वाळवी असली तर लाज जायची. तिने कोशाच्या पेट्या पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आणून उन्हात ठेवल्या. झाकणं उडू नयेत म्हणून आपल्या जुन्या लुगड्याचे काठ फाडून पेट्यांना बांधले. पलीकडे गेल्या हंगामातल्या मोकळ्या, मोडक्या पेट्यांची रास होती. दुपारी ती मागच्या दारी मासे करायला बसली आणि पुढून गावातल्या जवान पोरांची आरोळी आली, “काकी, होळयेक लाकडां!”

होळीला प्रत्येक घरातलं लाकूड जायला हवं, ही कुणकेश्वराची रीत. घरच्या माणसाने तोंडाने ‘घेवा’ म्हटलं की झालं. आणि एकदा मांडावर, म्हणजे होळी रचायच्या जागी, गेलेली काडी परत घरात येत नाही. कोणी परत आणली तर दर्यावर गेलेली होडी परतत नाही, असं सगळे मानतात. पिढ्यान्‌पिढ्या कोणी पडताळून बघायचं धाडस केलेलं नाही.

“खळ्यातल्यो मोडक्यो पेट्यो घेवा रे!” चंद्रावतीने आतून सांगितलं. हात माशांनी भरलेले, उठायचा कंटाळा. पोरांना मोडक्या आणि धडक्या सारख्याच.

दिवेलागणीला ती मांडावर गेली तेव्हा होळी रचून झाली होती. मधे उंच खोड, भोवती गवत, गवतावर लाकडं, आणि लाकडांत अर्धवट दबलेल्या पेट्या. एका पेटीवर तिच्या लुगड्याचा हिरवा काठ. गावचा मानकरी गंगाराम पुढे होऊन देवाला गाऱ्हाणं घालू लागला.

“बा देवा म्हाराजा, आज तुज्या लेकरांनी जी काय लाकडां तुका वायली आसत ती मान्य करून घे…”

“होय म्हाराजा!” गाव गरजलं.

“दर्यार गेलल्यांका सुखरूप परत हाड…”

दर्यावर त्या दिवशी गुणाजीचा धाकटा भाऊ शंकर होता. चंद्रावतीने त्याला दिराऐवजी लेकासारखं वाढवलं होतं. ओरडायला वेळ होता. गाऱ्हाणं चांगलं लांबलचक असतं. गंगाराम तर एकेका देवाला नावानिशी हाक मारणारा. तिने तोंड उघडलं, आणि सगळ्यांच्या सुरात तिच्या तोंडून निघालं, “होय म्हाराजा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी परतला. तिने उंबऱ्यातच सांगितलं, “पेट्यो होळयेक गेल्यो. पोरांका कळाक नाय.” पुढचं तिला सांगवलं नाही.

“सगळ्यो?”

“सगळ्यो.”

तो मांडावर गेला. राख अजून कोमट होती. काठीने त्याने थोडी उकरली. एका कोपऱ्यात पिवळ्या हापूसचा करपलेला तुकडा निघाला. मग गावातली सगळी माणसं करतात तसंच, चिमूटभर राख कपाळाला लावून तो घरी आला. पोरं रडत येऊन पायांवर पडली, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. शंकर सुखरूप परत आला, त्याला जेवायला वाढलं. चंद्रावतीला एक वाकडा शब्द नाही. फक्त त्याचे ओठ हलायचे थांबले.

माणूस ओरडला तर बरं असतं, हे ज्यांच्या घरी न ओरडणारं माणूस आहे त्यांना सांगायला नको. गुणाजी रापणीला जाई, जाळी विणी, जेवून हात धुई. पुस्तकं कोनाड्यात होती, त्यांच्याकडे नजर नाही. गुरुदास मास्तर देवगडहून चालत आले, म्हणाले, गुणाजी, तुमच्या डोक्यात आहे सगळं, पुन्हा उतरवा. गुणाजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मास्तर, बांगडे ताजे आसत, घेवन जावा.” मास्तर बांगडे घेऊन परत गेले. चंद्रावतीला वाटे, आपण नुसत्या पेट्या नाही जाळल्या, हा माणूसच जाळला.

पावसाळा सरला. नवा हंगाम चांगला लागला, बांगड्यांच्या राशी पडल्या. चंद्रावती खळ्यात बसून मासळीला मीठ लावत होती, गुणाजी जवळच जाळं सांधत होता. ती मिठाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “अवो, मागे तुमी माका इचारलात, आगरातलां मीठ आणि जेवणातलां मीठ ह्येंका आपण येगळां म्हणतो काय? मी सांगलंय, मीठ तां मीठ. तेवा तुमी हसलात. कित्याक हसलात तुमी?”

तिने पुढचा बांगडा घेतला. त्याला मीठ लावून होताहोता गुणाजीचा आवाज आला.

“कारण तेय तसांच म्हणतत. अरब मिल्ह. यहुदी मेलह. पाद्री मेल्हा. तिघांचां मीठ एकच.”

ती मान खाली घालून मीठ चोळत राहिली. वर बघितलं असतं तर तो गप्प झाला असता. दुसऱ्या दिवशी तिने नांगराचं काढलं. तिसऱ्या दिवशी शिडाचं. तिला त्याचे अरबी-हिब्रू शब्द मुळीच आठवत नव्हते. पण आपण स्वतः काय उत्तर दिलं होतं ते सगळं आठवत होतं, कारण ते उत्तर देताना ती काय करत होती ते आठवत होतं. भात कांडताना उखळाचे शब्द, पाण्याला जाताना विहिरीचे, जावेचं बाळंतपण करताना पोरा-नाळेचे. एकेक काम करता करता ती एकेक शब्द पुढे करी, आणि गुणाजी त्याची तिन्ही भावंडं हाक मारून बोलावी. एका संध्याकाळी विहिरीवरून येताना तिने पाहिलं, नवऱ्याचे ओठ हलत होते. ती तशीच घागर घेऊन घरामागे गेली आणि मनसोक्त रडली.

पुन्हा लेबलं आली. पुढची सात-आठ वर्षं हा संसार चालला. गुणाजीचे डोळे अधू झाले, चष्मा आला, चष्म्याची काडी मोडली, तिथे जाळ्याचा दोरा आला. माणूस काही हटला नाही. रापणीतून येऊन, अंग धुऊन, पेजेचं भांडं बाजूला ठेवून तो लिहायला बसे. अरबी दहा वेळा तपासून, हिब्रू दहा वेळा तपासून. अशी चिकाटी मी तरी दुसऱ्या कोणाची ऐकलेली नाही. ज्याचं एकदा सगळं जळून गेलंय तो दुसऱ्यांदा एवढ्या प्रेमाने तीच कामं कशी करतो, हे देवालाच ठाऊक.

गुरुदास मास्तर आता पुन्हा येऊ लागले. त्यांनी लेबलांचे गठ्ठे पाहिले आणि गोंधळले. “गुणाजी, कोश अक्षरांच्या क्रमाने लावतात. तुमच्या इथे चूल, विहीर, जाळं, होडी, लग्न असे गठ्ठे झालेत.”

“मास्तर,” गुणाजी म्हणाला, “माणूस अक्षरांच्या क्रमान जगता काय?”

मास्तरांनी एक गठ्ठा वाचायला घेतला. वाचता वाचता त्यांना तिकडच्या तीन घरांतल्या तीन बायका एकाच वेळी पाणी शेंदताना दिसू लागल्या, आणि त्यांच्या शेजारी कुणकेश्वरातली चौथी. त्यांनी नमुना मुंबईला पाठवला. पंडितांचं उलट टपाली उत्तर आलं, की असं काम मराठीत आपण पाहिलेलं नाही, छपाईची व्यवस्था झाली आहे, सगळं घेऊन या. मास्तर शब्दांच्या बाबतीत कंजूष माणूस. पण त्या दिवशी त्यांनी रापणवाल्यांच्या घोळक्यात गुणाजीला वाकून नमस्कार केला. गुणाजी एवढा ओशाळला की उलट तोच त्यांच्या पाया पडायला गेला, आणि दोघांची टाळकी आपटली.

पेट्या भरायच्या आधी मास्तर शेवटचं चाळत होते. “सगळं आहे,” ते म्हणाले, “पण चुलीच्या गठ्ठ्यात विस्तव कसा नाही? आग नाही, निखारा नाही, राख नाही.”

“ऱ्हांवदे,” गुणाजी म्हणाला आणि उठून गेला.

चंद्रावतीने ते ऐकलं. गठ्ठ्यात चूल मांडली होती, भांडी होती, डाव होता, आणि विस्तव नव्हता. इतक्या वर्षांत तिने तो शब्द कधी पुढे केला नव्हता आणि त्याने कधी विचारला नव्हता. आता बोट यायची वेळ आली. असाच अर्धा कोश मुंबईला जाणार आणि ती गोष्टही अशीच पोटात राहणार. तिचा जीव थाऱ्यावर राहिना. मास्तर गेल्यावर दुपारी ती गुणाजीसमोर येऊन बसली.

“आगीचो शब्द घालूक नाय तुमी.”

तो जाळ्याची सुई चालवत राहिला.

“माका सांगूचां आसा,” ती म्हणाली. “होळी पेटूच्या आदी मी मांडार होतंय. पेटी माका दिसली. माज्या लुगड्याचो काठ दिसलो. गारानां संपूक येळ होतो. मी त्वांड उघडूक नाय. सगळ्यांवांगडा ‘होय म्हाराजा’ म्हटलंय.”

सुई थांबली. “माका ठाव आसा.”

“कोणी सांगल्यान?”

“गंगारामान. दुसऱ्याच दिसा. तुजां त्वांड बघलेल्यान तेना. मागीर तेका उमगलां.”

चंद्रावतीला आधी काही कळेना, आणि मग तिचा असा भडका उडाला की ती उभीच राहिली. “म्हणजे इतकी वर्सां तुमका ठाव होतां? आणि एक शिवी नाय? मी हय रोज मरतंय आणि तुमी बांगडे खातास?”

“शिवी व्हयी तुका?” गुणाजी जाळं फेकून उठला. “शिरा पडो तुज्या तोंडार! अर्दां आयुष्य जाळलंस माजां! बसऱ्यात उपाशी ऱवान मी एकेक शब्द जमयलो, आणि तू थय उबी ऱवान बघलंस? एक हाक मारूक होय नाय तुज्यान? एक?” तो एवढ्याने ओरडला की शेजारची माणसं दारात आली. कुणकेश्वराने बसरेवाल्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. जे जे त्याने गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं, आणि चंद्रावती उभी राहून ते ऐकत होती, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि कितीतरी वर्षांनी तिला धड श्वास घेता येत होता.

मग तो खाली बसला.

“तुका शिवी घालूक गेलंय काय माजी माकाच लागता,” तो म्हणाला, “म्हणान गप होतंय. रोज स्वताक इचारतंय, थय मी असतंय तर काय केलां असतां? शंकर दर्यार. गारानां चालू. तीन भाशेंत ‘नाय’ म्हणूक येता माका, चंद्रा. थय एकाय भाशेत आलां नसतां.”

ती त्याच्याजवळ टेकली. शेजारची माणसं हळूच आत गेली. गुणाजीने पंच्याने तोंड पुसलं, चष्मा लावला, एक कोरं लेबल पुढे ओढलं आणि टाक शाईत बुडवला.

“सांग. विस्तवाक आपण काय काय म्हणतो?”

“आग,” ती म्हणाली. तो लिहू लागला. “विस्तव. इंगळो. जाळ. राख.” मग तिचा आवाज जरा अडखळला. “होळी.”

गुणाजीने तोही शब्द लिहिला.